ढिगावरची ऊब

दिवाळी पाडव्याला पहाटे धोंडाबाई उकिरड्यावर पणती ठेवायला गेली. बांधापलीकडं नजर जाताच तिच्या पोटात दुखायला लागलं. पुतण्याच्या बायकोचा, स्नेहलचा कंपोस्टचा ढीग नुसता वाफाळत होता. शेण, कांद्याची पात, पाचट असे थरावर थर, वर ओलं पोतं. पार आळे गावाहून लोक त्याचे फोटो काढायला यायचे. शेणाचे फोटो!

धोंडाबाईचा उकिरडा मात्र दगडासारखा गार, प्लास्टिकच्या पिशव्या मिरवत पडलेला. आणि तिच्याच भाकरीवर पोसलेलं कुत्रं कुठं? स्नेहलच्या ढिगावर, खुशाल पाय ताणून!

"नमकहराम मेलं!" काठी उगारत ती बांध ओलांडून गेली. कुत्रं पळालं. तिनं पोत्याखाली हात घातला, तर चुलीच्या वैलासारखी ऊब. इकडंतिकडं बघून तिनं पणती खाली ठेवली, टेकली आणि गारठ्यानं आखडलेले पाय पोत्याखाली खुपसले. डोळे आपोआप मिटले.

"काकी," मागून स्नेहल म्हणाली, "चहा हितंच आणू का?"

धोंडाबाईनं पाय काढले नाहीत.

"आण," ती गुरगुरली, "पण आमच्या घरचा आण."