कॅलेंडरवरची बाई, १९५४

"गळ्यात घातलंस का?" अपूर्वने बेडरूममधून विचारलं. तिथेच आता त्याचं ऑफिस होतं.

पुण्यात दुपारची जेवणं आटोपली की सासूबाईंचा व्हिडिओ कॉल येतो. इकडे परदेशात, हॅरिस पार्कला, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. लॉकडाउन लागल्यावर मी मंगळसूत्र काढून ठेवलं होतं. खास कारण नव्हतं, कुठे जायचंच नव्हतं. ते किल्ल्यांच्या हुकाला असायचं. फोन वाजला की चार वर्षांची तनया आणून द्यायची. मी घालायचे, बोलायचे, काढायचे.

जेवणाच्या टेबलावर माझं काम. मार्गरेट यांचं जुन्या छापील चित्रांचं दुकान बंद होतं, म्हणून जुन्या कॅलेंडरांचे गठ्ठे त्या आमच्या दाराशी ठेवून जायच्या. मी स्कॅन करून नोंदी लिहायचे: साल, छपाई, स्थिती. खाली माझं नाव. या देशात ते पहिल्यांदाच कशाखाली तरी येत होतं. एक डाग पडला तर काम बंद, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

चित्रं साधारण सारखीच. तोकड्या कपड्यांतली बाई एकटी, आणि चेहरा असा की आत्ताच कुणी न सांगता आत आलंय. हे मुलीसमोर नको, असं अपूर्वचं दोनदा म्हणून झालं होतं.

त्या दिवशी १९५४ची दोन कॅलेंडरं निघाली. चित्र एकच, बाई गाडीचं चाक बदलतेय. एकात बोटात अंगठी, दुसऱ्यात तिथे नुसता गुलाबी रंग. मी फोन केला तेव्हा मार्गरेट हसल्या. लग्न झालेली बाई गॅरेजच्या भिंतीवर कोण लावणार, छापखान्यानेच पुसली असेल, म्हणाल्या.

मी नोंद लिहिली आणि सासूबाईंचा कॉल आला. अर्धा तास हो आई, हो आई केलं. ठेवला तेव्हा तनया टेबलाखाली होती. अंगठी नसलेल्या बाईच्या गळ्यात तिने बॉलपेनने काळे मणी काढले होते. एकेक, नीट. मध्ये दोन वाट्याही.

"नाऊ शी कॅन टॉक टू आजी," ती म्हणाली.

अपूर्व दारात येऊन बघून गेला. जाताना म्हणाला, "आता तरी मार्गरेटना कळव, हे काम जमणार नाही म्हणून."

मी लॅपटॉप ओढला. स्थितीच्या रकान्यात आधीच लिहिलं होतं: अंगठी पुसलेली. त्यापुढे लिहिलं: मंगळसूत्र मागाहून घातलेलं, निघत नाही. नावासकट पाठवून दिलं.

माझ्या गळ्यातलं काढायचं राहिलंच होतं.