गालिच्याची कड

फरशी संपून जिथे गालिचा सुरू होत होता, तिथे गिल बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. काल संध्याकाळपासूनची ही चौथी वेळ. नाडी सुटलेली नव्हतीच. बाकीची मंडळी गालिच्यावरून पुढे निघाली होती. त्याची आई इदालिना काठी टेकत चालली होती, बहीण मेनाने तिचा कोपर धरला होता, आणि त्याची पंधरा वर्षांची मुलगी टेसा फोनमध्ये डोकं खुपसून त्यांच्यामागे होती. दोन्ही बाजूंना कॅसिनोची जुगाराची यंत्रं सकाळी नऊ वाजताच किणकिणत होती.

"तुम्ही व्हा पुढे," गिल म्हणाला. "मी दुकानांकडून वळसा घालून येतो. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"नाश्त्याला जायचं तरी वळसा," इदालिना मागे न बघताच म्हणाली. "बायकोच्या धाकातला माणूस असाच कडेकडेने चालतो."

मेना हसली. गिलची बायको ओदेत आधीच्या तीन वेळांसारखीच आताही नवऱ्याजवळ थांबली होती. तिला सासूच्या बोलण्याचं काही वाटलं नाही. टोमण्यांनी अंगाला भोकं पडत नाहीत, हे तिला सहा वर्षांत पुरतं कळलं होतं. आधी राग यायचा, मग रडू यायचं, मग डोकं दुखायचं. हल्ली काहीच होत नसे. तिने पर्स खांद्यावर नीट केली आणि ती गिलबरोबर लांबच्या वाटेने चालू लागली.

इथे यायचं ठरवलं ते मेनाने. तिच्या कॅसिनोच्या कार्डावर इतके गुण साठले होते की या अवाढव्य हॉटेलात तिला दोन खोल्या फुकट मिळाल्या. आईची ऐंशी वर्षं पूर्ण होत होती आणि जवळच मिस्टिकचं मत्स्यालय होतं. फॉल रिव्हरहून गाडीने दीड तास. फुकटच्या खोलीला नाही म्हणायचं तर कारण द्यावं लागतं, आणि खरं कारण देण्याची सोय या घरात नव्हती.

खरं कारण असं होतं की गिलने सहा वर्षांपूर्वी याच इमारतीत, याच यंत्रांसमोर बसून आधी शिल्लक घालवली, मग ओदेतच्या कपड्यांच्या दुकानाचा गल्ला आणि शेवटी घर. ते तीन मजली घर त्याच्या बापाने गिरणीत तीस वर्षं माग चालवून घेतलेलं. इदालिना तळमजल्यावर राहायची, मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल होता. बँकेचा कागद आला तेव्हा बापाला जाऊन आठ महिनेही झाले नव्हते. गिल न्हाणीघराच्या जमिनीवर बसून म्हणाला होता, माईला कळलं तर ती मरेल. ओदेत म्हणाली, मग तू आधी कॅसिनोचा तो कागद भर. तो कागद म्हणजे त्याने इथल्या कचेरीत स्वतःच्या हाताने लिहून दिलेली कबुली होती: खेळाच्या मजल्यावर जन्मभर पाऊल टाकणार नाही, सापडलो तर बाहेर काढा, जिंकलो असेन ते ठेवून घ्या. हॉटेलात राहायला, जेवायला हरकत नव्हती. गालिच्यावर मात्र पाय ठेवायचा नाही.

आणि माईला त्याने सांगितलं की ओदेतचं दुकान बुडालं, त्यात घर गेलं. ओदेत शेजारी उभी होती. तिने मान हलवली. दोन-चार महिन्यांत सांगून टाकू, असं दोघांचं ठरलं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाने स्वतःच गळा पुढे केला होता. इदालिना मेनाच्या घरी मागच्या खोलीत राहायला गेली. द्राक्षाच्या वेलाची आठवण आली की ती सुनेचं नाव घेई. गिलने त्यानंतर खरोखर एक डाव खेळला नाही. तो घरोघरी घर तापवायचं तेल पोचवायचा टँकर चालवी, पगार ओदेतच्या हातात आणून देई आणि त्या गोष्टीचा विषय काढत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची, फक्त ती मूठ ओदेतची होती.

मत्स्यालयात गर्दी नव्हती. पांढरा देवमासा काचेला नाक लावून तरंगत होता. इदालिनाने त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि हा आपल्या चर्चच्या जुन्या पाद्रींसारखा दिसतो, म्हणून सांगितलं. प्रवचनाच्या आधी ते असेच गाल फुगवायचे. टेसासुद्धा फोन खाली करून हसली. गिल हसला, मेनाने फोटो काढले. काही काळ ते चारचौघांसारखं कुटुंब होतं, वाढदिवसाला बाहेर पडलेलं.

बाहेर पडायच्या वाटेवर भेटवस्तूंचं दुकान होतं. ओदेतने सवयीने एक लहान मुलीचा झगा उलटा करून त्याची शिवण पाहिली. दुकान होतं तेव्हा ती बाप्तिस्म्याचे आणि पहिल्या कम्युनियनचे कपडे स्वतः शिवायची. न्यू बेडफर्डहून बायका मुलींना घेऊन यायच्या.

"किती कच्ची शिलाई आहे," ती म्हणाली. "यंदा उन्हाळ्यात चर्चच्या जत्रेत एक टेबल मांडावं म्हणते. पाच-सहा झगे शिवून."

"नको आई," टेसा म्हणाली. तिच्या आवाजात खोच नव्हती. बाहेर थंडी आहे, कोट घाल, असं सांगावं तसं ती म्हणाली. "तू धंदा केलास की काय होतं ते माहितीय आपल्याला."

मेना छताकडे बघू लागली. गिल दोन हात अंतरावर पाण्याची बाटली घेऊन उभा होता. त्याला स्पष्ट ऐकू गेलं होतं. तो बाटलीवरची बारीक अक्षरं वाचायला लागला.

ओदेतने झगा परत टांगला. तिला लागलं. इतक्या दिवसांनी काहीतरी लागलं की ती दचकलीच. सासू बोलायची ते बाहेरचं होतं, पण हे तिच्या पोटच्या मुलीच्या तोंडून आलं होतं, तेही शाळेत शिकलेल्या धड्यासारखं सहज. गाडीकडे जाताना ती गिलजवळ गेली आणि हळूच म्हणाली, निदान टेसाला तरी सांग. गिल म्हणाला, आज माईचा वाढदिवस आहे, घरी गेलो की नक्की. तो खोटं बोलत नव्हता. त्याला दर वेळी खरंच तसं वाटे. ओदेतने मान हलवली आणि ते मघाचं लागणंही ओसरून गेलं. परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर बघत होती, पण काय पाहिलं ते तिला सांगता आलं नसतं.

जेवणाला अजून तास होता. इदालिनाला यंत्रावर बसायचं होतं. मेनाने तिला ओळीतलं अगदी शेवटचं यंत्र धरून दिलं, फरशीच्या कडेला लागून असलेलं, म्हणजे काठीला जागा राहील. गिल आणि ओदेत फरशीवरच उभे राहिले. टेसा आजीच्या पाठीशी होती. तिच्या वयाच्या मुलांना गालिच्यावरून जाता येई, यंत्रांपाशी थांबता येत नसे, म्हणून तीही फरशीवरच.

इदालिना वीस मिनिटं हरत होती. मग ती वळली.

"गिल, ये. एकदा हात लाव."

गिलच्या, म्हणजे फुर्तादोंच्या घरात ही जुनी रीत होती. गिल जन्मला तो पवित्र आत्म्याच्या सणाच्या रविवारी, मिरवणूक दारावरून जात असताना. त्यामुळे त्याच्या हाताला यश आहे असं माईने ठरवून टाकलं होतं. आयुष्यात तिने स्वतःचं लॉटरीचं खरवडायचं तिकीट स्वतः कधी खरवडलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणायची आणि शाळेतून आलेल्या गिलच्या हातात द्यायची. सहा वर्षांपूर्वी त्याने ते बंद केलं. माईने विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, ओदेतला आवडत नाही.

"माई, राहू दे ना," गिल म्हणाला.

"ऐंशी वर्षांची झाले. पुढच्या वाढदिवसाला असेन-नसेन. विचार तुझ्या बायकोला, आजच्या दिवस परवानगी मिळते का."

गिलने ओदेतकडे पाहिलं. त्याला काय हवंय ते तिला समजलं. तिने नाही म्हणायचं, म्हणजे तो सुटला. ओदेतने तोंड उघडलं, पण शब्द काढायचा तिला कंटाळा आला. हो म्हणायचाही आला. ती गालिच्यावरची निळी-तांबडी नक्षी बघत राहिली.

गिल पुढे सरकला. दोन्ही बुटांची टोकं त्याने फरशीच्या कडेला नीट जुळवली, कमरेत वाकला आणि हात लांब करून आईच्या खांद्यावरून बटण दाबलं. पाय फरशीवर, हात यंत्रावर. असं कुणाला फसवायचं होतं त्याला, कोण जाणे.

चित्रं फिरली आणि एकेक करून थांबली. मग पडदा जागच्या जागी गोठला आणि यंत्राच्या डोक्यावरचा दिवा फिरू लागला. चार हजार दोनशे डॉलर. इदालिनाने क्रूसाची खूण केली, मेनाने आईच्या गालाचा मुका घेतला. गिल मात्र हात मागे घ्यायचंच विसरला होता.

राखाडी जाकीट घातलेली एक बाई लगबगीने आली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर रोशेल असं नाव होतं. तिने अभिनंदन केलं आणि रोजचा प्रश्न विचारला.

"बटण कुणी दाबलं? एवढी रक्कम आम्हाला हातात द्यावी लागते. पैसे कुणीही घातलेले असोत, ज्याने दाबलं त्याचं ओळखपत्र लागेल."

"माझ्या मुलाने," इदालिना अभिमानाने म्हणाली. "हा काय. त्याचाच हात आहे तसा."

"नाही," गिल म्हणाला. "हिने दाबलं. माझ्या बायकोने."

तो ओदेतकडे बघत होता. त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"अरे, माझ्या खांद्यावरून तर तुझा हात गेला," इदालिना म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. "असं होय. हेही तिच्याच नावावर. घे बाई घे, आता एवढंच राहिलं होतं."

ओदेतची पर्स उघडलेली होती. तिला ती उघडल्याचं आठवत नव्हतं, पण गाडी चालवायचा परवाना दोन बोटांत आलासुद्धा होता. हाताला सवय होती. तो परवाना पुढे करायचा, रोशेल लिहून घेईल, संध्याकाळी माईचे दोन टोमणे, सोमवारपासून पुन्हा सगळं जिथल्या तिथे. तिने मान वर केली तेव्हा टेसा तिच्याकडे बघत होती. बटण कुणी दाबलं ते टेसाने पाहिलं होतं. बापाकडे तिने बघितलंही नाही. आई आता काय करते, एवढंच तिला पाहायचं होतं.

ओदेतने परवाना परत पर्समध्ये ठेवला.

"मी नाही दाबलं," ती म्हणाली.

रोशेलने आजवर अशी पुष्कळ कुटुंबं पाहिली असावीत. ती शांतपणे वाट बघत राहिली. गिलने खिशातून पाकीट काढलं, त्यातून ओळखपत्र काढायला त्याला बराच वेळ लागला. ते घेऊन रोशेल गेली आणि परतली तेव्हा तिच्याबरोबर कोट घातलेला एक उंच माणूस होता.

"मिस्टर फुर्तादो, जरा आमच्याबरोबर चला," तो अदबीने म्हणाला. "तुमच्या सहीचा कागद आहे आमच्याकडे."

गिलने पाकीट खिशात टाकलं. त्याने आईकडे पाहिलं नाही, ओदेतकडेही नाही. तो गालिच्यावर उतरला आणि त्या माणसाशेजारून यंत्रांच्या रांगांमधून चालत गेला.

रोशेलने सांगितलं की ही रक्कम देता येणार नाही, तसं त्या कागदातच आहे. कसला कागद, असं इदालिनाने विचारल्यावर ती ओदेतकडे बघून म्हणाली, ते घरच्यांनीच सांगितलेलं बरं. यंत्राला किल्ली लावून तिने दिवा बंद केला आणि ती दुसऱ्या ओळीत गेली.

"कसला कागद?" इदालिनाने आता ओदेतला विचारलं.

"इथे जन्मात पुन्हा खेळणार नाही, असा. गिलने स्वतः लिहून दिलाय."

"कधी?"

"सहा वर्षं झाली. मार्चमध्ये."

इदालिनानेही गिरणीत बावीस वर्षं काढली होती. हिशेबाला ती कच्ची नव्हती. घर मे महिन्यात गेलं होतं. ती यंत्राकडे तोंड करून बसून राहिली. मेना काहीतरी बोलायला गेली, "वहिनी..." एवढं म्हणाली आणि आईची काठी सरळ करू लागली. टेसाने फोन खिशात घातला होता.

"म्हणजे घर," इदालिना अखेर म्हणाली. तो प्रश्न नव्हता.

"आणि तुझं दुकान?"

"दुकान चांगलं चालत होतं, माई."

किती वाजले ते कुणी विचारावं आणि आपण सांगावं, तशा आवाजात ती हे म्हणाली. हे वाक्य कधीतरी तोंडातून बाहेर पडेल तेव्हा आपण रडू, निदान हात तरी थरथरतील, असं तिला सहा वर्षं वाटत आलं होतं. तसं काहीच झालं नाही.

इदालिना तिच्याकडे बराच वेळ बघत होती. मग तिने शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि रिकाम्या खुर्चीवर हळूच हात थोपटला.

ओदेतने ते पाहिलं. ती उभीच राहिली.