अहो म्हटलं की डावा हात खाली

मी एक वेताची काठी बोलतेय. दचकू नका, मारायला उठलेली नाही.

कुठल्या रानात जन्मले ते आठवत नाही. मूठ करण्यासाठी मला विस्तवावर धरून वाकवलं, तो चटका मात्र आठवतो. वेताला असा एकदा वाक बसला की तो जन्मभर राहतो. रत्नागिरीच्या बाजारातून काशीराम मास्तरांनी मला घेतलं. शाळेत, देवळात, मासळीबाजारात त्यांनी मला फिरवलं, पण मांजर सोडून कुणावर उगारलं नाही. ते गेले आणि मी ओटीवरच्या खुंटीला लागले.

त्यांचा मुलगा शिवराम मोठ्या विमानाचा पायलट. विमान घरावरून गेलं की त्याची आई, हौसाबाई, तांदूळ निवडता निवडता मान वर करायच्या आणि म्हणायच्या, "गेला बघा आमचा शिवा. जातो आपला, थांबत नाही."

बहुतेक हेच त्याच्या मनाला लागलं. सत्त्याऐंशी साली, लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती, तेवढ्यात विमानाची नोकरी सोडून तो हेलिकॉप्टर शिकायला लागला. समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी एक कंपनी त्याला घेणार होती, परीक्षेत पास झाला तर.

"हेलिकॉप्टर कुठंही उतरतं, आई. आपल्या कातळावरसुद्धा उतरवीन."

"एस्टी रोज उतरवते मेल्या, नाक्यावर! त्यासाठी चांगली नोकरी सोडलीस?"

परीक्षेत तो दोनदा नापास झाला. शिकवणारे साहेब म्हणाले, "तुमचे हात अजून विमानातच आहेत. आता एकच संधी. घरी जाऊन हात रिकामे करून या."

म्हणून तो घरी आला आणि त्यानं मला खुंटीवरून काढलं.

ओटीवर खुर्ची मांडली. त्याच्या गुडघ्यांमध्ये मी उभी, मूठ उजव्या हातात. मी दिशा द्यायची. पायांखाली जुन्या चपला, म्हणजे पेडल. डाव्या हाताला वर-खाली करायचा एक दांडा हवा होता, तिथं स्वयंपाकघरातलं उलथनं आलं.

"माझं उलथनं दे रे! घावन करपला!" आतून आरोळी यायची. मग हेलिकॉप्टर तेवढ्यापुरतं जमिनीवर.

सगळी गोम डाव्या हातात होती. इंजिन बंद पडलं की तो हात ताबडतोब खाली गेला पाहिजे. मग वरचा पंखा वाऱ्यावर फिरत राहतो आणि यंत्र सावकाश उतरतं. पण विमानात धोका दिसला की उंची धरायची, हे त्याच्या अंगात मुरलेलं. हात वरच ओढायचा. पंखा मंदावला की पुढं काय होतं, ते मी बोलत नाही.

त्यानं बायकोला, सगुणाला, सांगितलं, "मी कशात गुंतलेला असलो की एकदम ओरड, इंजिन बंद!"

सगुणा नवीन नवरी. तिचा आवाज अजून माजघर ओलांडून बाहेर आला नव्हता. सासूसमोर ओरडणार कशी? दाराआडून तिनं जमेल तेवढंच म्हटलं, "अहो..."

तेच ठरलं. अहो म्हणजे इंजिन बंद.

मग दाढी करताना अहो, पेपर वाचताना अहो, विहिरीवर अहो.

"किती हाका मारतेस गो त्याला?" हौसाबाई म्हणाल्या. "पळून जातोय काय?"

एके दिवशी तो आंबा चोखत बसला होता. "अहो!" डावा हात त्याला कळायच्या आधी खाली गेला, आंब्यासकट. लेंगा पिवळा. सगुणा मोठ्यानं हसली. या घरात तसं ती पहिल्यांदाच हसली.

तो परीक्षेला गेला. परत आला तो एस्टीनं, नाक्यावर उतरून.

"काय झालं रे?" हौसाबाईंनी विचारलं.

"साहेबांनी इंजिन बंद केलं, आई. मी वाट बघत राहिलो."

"कसली?"

त्यानं दाराकडे पाहिलं. दारात सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "कुणी काही बोललंच नाही," तो म्हणाला. "मग हात वर गेला."

विमानातल्या त्याच्या जागेवर दुसरा बसला होता. आता तो एका आंबेवाल्याच्या वखारीत जातो. डोक्यावरून विमान गेलं तरी हौसाबाई मान वर करत नाहीत.

मी सांगणार होते खरं तर. वाकलेलं सरळ होत नाही आणि सरळ झालेलं वाकवताना चटका बसतो. पण काठीला विचारतो कोण?

एका संध्याकाळी तो त्याच खुर्चीत बसला होता. सगुणा चहा घेऊन आली. "अहो, चहा..."

डावा हात झटकन खाली गेला. अगदी परीक्षेत हवा होता तसा.

दोघंही त्या हाताकडे बघत राहिली. चहावर साय धरली.

तेव्हापासून ती त्याला हाक मारत नाही. कप ठेवते, बांगड्या जरा वाजवते, आत जाते. नवऱ्याला हाक मारायला तिच्याकडे तो एकच शब्द होता.

मी पुन्हा खुंटीला आहे. एक मागणं आहे. मला कुत्र्यावर उगारा, वळचणीचं माडाचं वाळकं झाप ओढा, चुलीत घाला. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या गुडघ्यांमध्ये मात्र पुन्हा उभी करू नका.