डाव्या हाताची फुली

शेजारच्या वॉल्टरची लाकडी होडी प्रसादच्या गॅरेजात आली ती दिगंबरच्या भरवशावर. मागची कुजलेली फळी बदलून झाली होती. नव्या फळीत वल्हं आरपार घालायला भोक पाडलं की शनिवारी बदकांच्या शिकारीला जायचं. पुढे बंदूक घेऊन वॉल्टर, मागे वल्ह्यावर दिगंबर. अमेरिकेत ईडन प्रेरीला मुलाकडे, प्रसादकडे, आल्यापासून त्याला कुणी जोडीदार म्हणून प्रथमच बोलावलं होतं.

एक गोष्ट मात्र त्याने वॉल्टरला सांगितली नव्हती. मागच्या हिवाळ्यातल्या आजारपणापासून त्याच्या उजव्या हातात चहाचा कपही धड राहत नव्हता.

"बाबा, भोकाची ही खूण एवढी वर का?" सून गिरिजा ड्रिल घेऊन उभी होती.

"उभ्याने वल्हवायचं तर वरच हवी. मालवणात जन्म गेला माझा."

"तुम्ही उभे राहिलात तर बदकं नमस्काराला थांबणार आहेत का? इथे बदकांना दिसू नये म्हणून होडीत आडवं पडून, डोक्यामागच्या भोकातलं वल्हं हलवत जातात. वॉल्टर सांगत होते, तेव्हा तुम्ही नुसते यस यस करत होतात."

दिगंबर ओशाळला. जाड जाकीट घालून तो होडीत उताणा झोपला.

"आता हात डोक्यामागे न्या."

त्याने हट्टाने उजवा नेला. खांद्यापाशीच तो अडला. मग डावा हात आपसूक मागे सरकला आणि फळीला टेकला, कडेच्या जुन्या फळ्यांवर पाण्याचा डाग होता त्याच्या जरासा वर.

"तिथेच ठेवा." तिने बोटांपाशी फुली मारली.

"डावीकडे? जुन्या फळीला भोक उजवीकडे होतं. वॉल्टर विचारेल."

"मग सांगा की."

वॉल्टर आलाच. भोकातून पाणी येऊ नये म्हणून वल्ह्याला घालायची चामड्याची बाही त्याने शिवून आणली होती. फुलीकडे तो बघतच राहिला.

दिगंबर होडीतूनच म्हणाला, "राइट हँड, नो पॉवर."

वॉल्टर खाली बसला आणि बराच वेळ गिरिजाशी बोलला. ती हसू लागली.

"बाबा, त्यांना उजव्या कानाने ऐकू येत नाही. म्हणतात, बदकं दिसली की डावीकडूनच कुजबुजा."

दिगंबर उठून बाहेर आला. डावा तळवा फळीवर दाबून धरत म्हणाला, "पाड आता भोक."