गार पाण्यातला घास

मत्स्यबीज केंद्रावर अण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पाण्यात कोपर बुडवून ते तापमान सांगायचे, थर्मामीटर नंतर फक्त मान डोलवायचा. चाळीस वर्षांनी थकले, तेव्हा किल्ल्या थोरल्या लेकीच्या हाती देऊन मोकळे झाले.

दोन वर्षांपासून मात्र त्यांना विसर पडू लागला होता. आधी चष्मा, मग घरची वाट, मग बायको गेल्याचंही. तरी लेक त्यांना रोज सोबत आणायची. तळ्याकाठी ते शांत असत.

त्या आठवड्यात थंडी एकाएकी पडली. दोन दिवसांत पाणी आठ अंशांनी उतरलं. लेकीनं खाद्य बंद केलं आणि पंपाचा भाग आणायला ती बाजारात गेली. तासाभरानं येऊन बघते तो गोदामाचं दार सताड उघडं, आणि अण्णा काठावर रिकामं पोतं झटकतायत.

"उपाशी होती गं बिचारी," ते म्हणाले.

हाताला लागेल तेवढं खाद्य तिनं जाळीनं उपसलं. पण तिसऱ्या सकाळी मोठं तळं पांढऱ्या पोटांनी भरून गेलं होतं. अण्णा जिला 'आक्का' म्हणत, ती बीजासाठी वर्षानुवर्षं राखलेली मादीही त्यांत होती.

अण्णा बघतच राहिले. "कोणी केलं हे?"

लेक पुढे झाली. "माझ्याकडून झालं, अण्णा. मी खाद्य टाकलं."

"या गारठ्यात? अहो बाई, अक्कल काय गहाण ठेवलीत? पाणी जेवढं गार, तेवढंच माशाचं अंग गार. आतली भट्टी मंदावते, पोट चालत नाही. घास आतल्या आत कुजतो, उरलेला तळाशी. थंडी हळूहळू आली तर त्याचं शरीर महिनाभरात स्वतःला बदलून घेतं. दोन दिवसांत कसं घेईल? त्याला वेळ द्यावा लागतो!"

कित्येक महिन्यांत ते सलग एवढं बोलले नव्हते. आवाज तोच जुना, शब्दन् शब्द खणखणीत. ऐकत राहावंसं वाटत होतं, आणि त्यातलं 'अहो बाई' काळजात रुतत होतं.

"तुम्हाला कामावर ठेवलं कोणी?"

"अण्णांनी."

"मग चुकलंच त्यांचं. माणूस पारखता आला नाही." ते वळले. "उद्यापासून येऊ नका."

"बरं," ती म्हणाली.

दुपारी तिनं खड्डा खणला. आक्काला उचलायला अण्णा स्वतः पुढे आले. कोणाला उचलतोय हे त्यांना कळलं की नाही, तिनं विचारलं नाही.

त्यानंतर तिनं त्यांना तळ्यावर नेलं नाही. शेजारच्या मावशी त्यांच्यापाशी बसू लागल्या. पहिले चार दिवस अण्णा सकाळी बूट घालून दारात उभे राहिले. पाचव्या दिवशी बूट कोपऱ्यातच होते.