खिळ्यांचा पट्टा

बिबट्या ओळखणारं ते सॉफ्टवेअर अजून चाचणीतच होतं. ते पुण्यातल्या एका कंपनीच्या संगणकावर चालायचं. मंचरजवळच्या घरी मी फक्त ब्राउझर उघडायचे. उसाकडच्या कॅमेऱ्यात आमचा मोती कुत्रा दिसला, की ते बिबट्या समजून भोंगा वाजवायचं.

“तुझा बिबट्या भुंकतोय गं,” माझे वडील अप्पा म्हणाले. “असंच चाललं तर खऱ्या टायमाला कोणी ऐकायचं न्हाई.”

कंपनीनं सॉफ्टवेअरला शिकवायला वापरलेल्या फोटोंत बिबट्यांच्या गळ्यात माग काढायची रेडिओ कॉलर होती. आमच्याकडे बिबट्यानं मान धरू नये म्हणून कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा बांधतात. मोतीच्या गळ्यातला तो पट्टा बघूनच सॉफ्टवेअर त्याला बिबट्या समजत होतं. मी तसं कळवलं. त्यांनी तिकडेच सुधारणा केली.

संध्याकाळी मोती उसाकडून आला, भोंगा गप्प राहिला. थोड्या वेळानं तो वाजला. मोती अप्पांच्या पायाशीच होता. अप्पांनी धावत शेळ्या आत घेतल्या. पडद्यावर खरा बिबट्या होता.

“वाजू दे,” अप्पा म्हणाले.