संगप्पाच्या जांघेतली जाळी

मी जाळी बोलतेय. डासांची नव्हे. मी हर्नियाच्या ऑपरेशनची जाळी. मुक्काम सोलापूर, संगप्पाच्या उजव्या जांघेत, आणि आता इथून हलायचा माझा विचार नाही.

प्लास्टिकच्या बारीक धाग्यानं कारखान्यात मला विणलं आणि पाकिटात बंद करून दवाखान्यात धाडलं. तिथल्या कपाटात शेजारी एक थोराड जाळी होती, दुर्बिणीच्या ऑपरेशनची. तिचा तोरा विचारू नका. "आमच्यात छोटी छोटी तीन भोकं, पेशंट लगेच हिंडाफिरायला लागतो," असं ती येताजाता ऐकवायची. माझ्यासाठी जांघेत चांगली चार बोटं चीर लागते.

संगप्पा म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलणारा गडी. ती उंचच उंच सजवलेली काठी कमरेच्या पट्ट्यात रोवून चालायचं, तेही पांढरीशुभ्र बाराबंदी घालून. जांघेत गोळा येऊ लागला तेव्हा गड्यानं काय करावं? तोच पट्टा खाली ओढून घट्ट आवळला. गोळा दबला, म्हणजे बरा झाला! जागाच अशी, की बायकोलाही सांगायची लाज. शेवटी सरावाच्या वेळी कळ आली आणि गडी मटकन खाली बसला. मग शांतम्मानं नवऱ्याला धरून दवाखान्यात आणलं.

डॉक्टर सुकन्यांनी तपासलं. "दुर्बिणीतून जाळी आतल्या बाजूनं बसवता येते, दुखतंही कमी. पण तुमचं अपेंडिक्स फुटलं होतं ना? त्या ऑपरेशननं आत सगळं चिकटलं असणार. आपण वरून चीर देऊन बसवू."

"पर पक्की कुटली?"

"दोन्ही पक्क्या. ज्याला जी सोसेल ती त्याची."

"मग काठी उचलाय येईल की?"

"येईल. पण यंदा नाही."

संगप्पाचा चेहरा पडला. मला पाकिटात बसून वाईट वाटलं.

ऑपरेशन छान झालं. घरी जाताच या शहाण्यानं टाक्यांवर पुन्हा पट्टा बांधला, का तर जाळी निसटू नये म्हणून. मला असा राग आला!

"अय्यो, काय करालाय तुमी? द्या तो पट्टा हिकडं," म्हणत शांतम्मानं तो कपाटात टाकून कुलूप लावलं. त्या संक्रांतीला संगप्पा मोकळ्या हातानं मिरवणुकीत चालला आणि घरी येऊन जेवला नाही.

वर्षभरात त्याचं मांस माझ्या छिद्राछिद्रांत रुजलं. डॉक्टरांनी खोकायला लावून तपासलं, हळूहळू वजन उचलायची परवानगी दिली आणि शांतम्मानं कुलूप काढलं. या संक्रांतीला काठी पट्ट्यात बसली, सगळा भार कमरेवर आला. मी जीव मुठीत धरून होते. काठी डुलली, सावरली आणि चालू लागली. खरं सांगते, मला रडू आलं.

पुढची पाळी गुंडा नावाच्या तरण्या गड्याची. तो पाठमोरा होऊन जांघ दाबत होता आणि पट्टा खाली ओढत होता. संगप्पानं ते बरोबर ओळखलं. त्यानं काठी दुसऱ्याच गड्याच्या हाती दिली.

"गुंडा, पट्टा सोड."

"का? पाळी माजी हाय की."

"जांघंत गोळा येतोय न्हवं? मला बी हुता. जाळी हाय माज्या आत. आताच काठी पेलली न्हवं? लाज कसली त्यात?"

लोक वळून बघू लागले. बायकोपाशी ज्याला तोंड उघडवलं नाही, त्यानं भर मिरवणुकीत माझं नाव घेतलं. गुंडानं पट्टा सोडला.

उद्या संगप्पा त्याला दवाखान्यात नेणार आहे. गुंडाच्या पोटाला अजून कधी कात्री लागलेली नाही, म्हणजे त्याच्या वाट्याला बहुतेक दुर्बिणवालीच यायची. कुणी तिकडं गेलात तर कपाटातल्या त्या तोरेवालीला माझा निरोप द्या: बाई गं, घट्ट बस, पुढच्या संक्रांतीला काठी यायची आहे.